५ ऑक्टोबर १५८२ रोजी रोममध्ये काय घडले?

शाळेच्या प्रश्नमंजूषेत कोणी हा प्रश्न विचारला, तर उत्तर दोन शब्दांत देता येईल: काहीच नाही. त्या दिवशी रोममध्ये कोणी जन्मले नाही, कोणी मेले नाही, बाजार भरला नाही, पाऊस पडला नाही. ६ ऑक्टोबरलाही तेच, ७ ऑक्टोबरलाही तेच, आणि असे थेट १४ तारखेपर्यंत. कारण त्या वर्षी रोममध्ये या दहा तारखा उगवल्याच नाहीत. लोक ४ ऑक्टोबरला, गुरुवारी रात्री झोपले आणि सकाळी उठले तेव्हा १५ ऑक्टोबर उजाडला होता. वार मात्र बरोबर शुक्रवारच होता.

स्पेनमध्येही त्याच रात्री हाच बदल झाला. तिथे तेरेसा नावाच्या एका थोर संत स्त्रीने ४ ऑक्टोबरच्या रात्री देह ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा दफनविधी झाला. मृत्यू ४ ऑक्टोबरचा, दफन १५ ऑक्टोबरचे, आणि मध्ये फक्त एक रात्र! आजही त्यांचा स्मृतिदिन १५ ऑक्टोबरलाच पाळतात.

मग ते दहा दिवस गेले कुठे? कोणी चोरले? आयुष्यातले दहा दिवस कमी झाले का? तसे काहीच झाले नाही. सूर्य रोजच्यासारखा उगवला, मावळला, सर्वांचे वय एका दिवसाने वाढले. बदलले ते फक्त मोजणीचे आकडे. पण हे आकडे बदलण्याची वेळ का आली, ते समजून घ्यायला सुमारे दोन हजार वर्षे मागे जावे लागते. आणि त्याआधी थोडे गणितही करावे लागते. घाबरू नका, चौथीच्या मुलाला जमेल एवढेच आहे.

पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला ३६५ दिवस लागतात, असे आपण पाठ करतो. पण निसर्ग पूर्ण आकड्यांत चालत नाही. ऋतूंचे एक चक्र पूर्ण व्हायला लागतात ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटे आणि सुमारे ४६ सेकंद. साऱ्या गोंधळाचे मूळ वरच्या या पावणेसहा तासांहून थोड्या जास्त वेळात आहे. दरवर्षी ३६५ दिवसच धरले, तर चार वर्षांत जवळजवळ एक दिवस मागे पडतो. शंभर वर्षांत चोवीस दिवस. सातशे वर्षांनी तर कॅलेंडरमध्ये मे महिना लिहिलेला असेल आणि बाहेर थंडी पडलेली असेल.

चंद्रावरून महिने मोजले तर दुसरीच अडचण येते. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. इस्लामी कालगणनेत हा फरक तसाच राहू देतात, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि सगळ्या ऋतूंत फिरते. आपल्या पंचांगकर्त्यांनी वेगळा उपाय काढला. साठत गेलेले दिवस महिनाभर झाले की ते एक जादा महिना घालतात, तो अधिक महिना. २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला होता, ते तुमच्या घरात नक्की कोणाला तरी आठवत असेल. आजीला विचारून पाहा, धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे केले होते का ते. अधिक महिना आला नसता, तर दिवाळी सरकत सरकत ऐन उन्हाळ्यात गेली असती.

प्राचीन रोममध्येही जादा महिन्याची अशीच पद्धत होती. त्यांचे वर्ष ३५५ दिवसांचे होते आणि अधूनमधून फेब्रुवारीच्या शेवटाकडे काही जादा दिवसांचा महिना घालत. तो कधी घालायचा, हे रोमचे पुजारी ठरवत. इथेच पाणी मुरले. रोममध्ये अधिकारी वर्षभरासाठी निवडले जात. आपला माणूस पदावर असला की पुजारी जादा महिना घालून त्याचे वर्ष लांबवत, आणि विरोधक पदावर असला की तो महिना घालायचेच टाळत. त्यात युद्धे सुरू झाली, कोणाचे लक्ष राहिले नाही. शेवटी कॅलेंडर आणि ऋतू यांची एवढी फारकत झाली, की सुगीचा सण यायचा तेव्हा शेतात सुगी नसायची.

ज्युलियस सीझर हा रोमचा सेनापती होता, हे तुम्ही ऐकले असेल. तो रोमचा मुख्य पुजारीही होता, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यामुळे कॅलेंडर सुधारण्याचा अधिकार त्याच्याच हातात होता. इजिप्तमध्ये असताना त्याने तिथल्या लोकांचे सूर्यावर आधारलेले ३६५ दिवसांचे वर्ष पाहिले होते. अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या ज्योतिर्विदाचा त्याने सल्ला घेतला आणि नियम केला: वर्ष ३६५ दिवसांचे, आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त. तोच आपला लीप दिवस. जुन्या काळी रोमचे वर्ष मार्चमध्ये सुरू होत असे आणि फेब्रुवारी हा शेवटचा महिना असे. काटछाट किंवा भर नेहमी त्याच्याच वाट्याला येई. लीप दिवसही तिथेच जोडला गेला.

पण नवे कॅलेंडर सुरू करण्याआधी मागचा सगळा हिशेब चुकता करणे भाग होते. म्हणून इसवी सनापूर्वी ४६ या वर्षात सीझरने भराभर जादा दिवस घातले. ते वर्ष झाले ४४५ दिवसांचे! मानवाच्या नोंदवलेल्या इतिहासातले हे सगळ्यात लांबलचक वर्ष मानतात. एका वर्षात जवळजवळ पंधरा महिने. ज्यांनी वर्षाच्या बोलीने घर भाड्याने दिले असेल त्यांचे काय झाले असेल, याचा विचार तुम्हीच करा. पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून नवे कॅलेंडर चालू झाले. सीझरला ते जेमतेम सव्वा वर्ष वापरता आले, कारण इसवी सनापूर्वी ४४ मध्ये १५ मार्चला त्याचा खून झाला.

त्याच्या माघारी पुजाऱ्यांनी एक मजेदार चूक केली. सीझरने सांगितले होते, दर चौथ्या वर्षी लीप दिवस घाला. रोमन लोकांची मोजायची रीत अशी, की ज्यापासून मोजायला सुरुवात करायची तोही धरायचा. म्हणजे यंदाचे लीप वर्ष हे पहिले, पुढचे दुसरे, त्यापुढचे तिसरे आणि त्यापुढचे चौथे. बोटांवर मोजून पाहा: दोन लीप वर्षांमध्ये अंतर पडले फक्त तीन वर्षांचे. चांगली पस्तीस-छत्तीस वर्षे ही चूक चालू राहिली. मग सम्राट ऑगस्टसच्या लक्षात आणून दिल्यावर त्याने काही लीप दिवस गाळून हिशेब पुन्हा जुळवला.

सीझर आणि ऑगस्टस या दोघांची नावे महिन्यांना दिली गेली, जुलै आणि ऑगस्ट. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती कितीतरी सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत चुकीची छापलेली असते. सीझरचा जुलै ३१ दिवसांचा, मग माझा ऑगस्ट ३० दिवसांचा कसा, असे म्हणून ऑगस्टसने फेब्रुवारीचा एक दिवस पळवला, अशी ती कथा. कथा छान आहे, पण खोटी आहे. ती ऑगस्टसनंतर बाराशे वर्षांनी कोणीतरी लिहून ठेवली. महिन्यांचे दिवस आज आहेत तसेच सीझरच्या वेळीच ठरले होते, आणि फेब्रुवारी तर त्याच्याही आधीपासून २८ दिवसांचाच होता.

आता पुन्हा गणिताकडे. सीझरचे वर्ष सरासरी ३६५ दिवस ६ तासांचे. खरे वर्ष त्याहून ११ मिनिटे १४ सेकंदांनी लहान. अकरा मिनिटे म्हणजे काय? मधल्या सुट्टीत डबा खायला लागतो तेवढा वेळ. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे वाटेल. पण दिवसाची मिनिटे असतात १४४०. दरवर्षी अकरा-सव्वाअकरा मिनिटे साठत गेली, तर १२८ वर्षांत पुरा एक दिवस भरतो. एका माणसाच्या आयुष्यात कोणाला पत्ता लागणार नाही. हजार-बाराशे वर्षांनी मात्र लागतोच.

तो लागला ईस्टरच्या सणामुळे. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर वसंत ऋतूत येतो आणि त्याची तारीख काढायची रीत आपल्या सणांसारखीच सूर्य आणि चंद्र दोघांवर अवलंबून असते. वसंतात दिवस आणि रात्र सारखी होतात तो दिवस धरायचा, त्यानंतरची पौर्णिमा पाहायची, आणि त्यापुढचा रविवार म्हणजे ईस्टर. इसवी सन ३२५ मध्ये धर्मगुरूंची मोठी परिषद भरली होती, तेव्हा दिवस-रात्र समान होण्याची तारीख २१ मार्च होती. चर्चने तीच कायमची धरून ठेवली. पण सूर्य कशाला ऐकतो! १५८२ पर्यंत प्रत्यक्षात ही घटना ११ मार्चलाच होऊ लागली होती. दहा दिवसांचा फरक पडला होता.

त्या वेळी पोप होते तेरावे ग्रेगरी. त्यांच्या व्हॅटिकनमध्ये एक उंच मनोरा आहे, त्याला वाऱ्यांचा मनोरा म्हणतात. इग्नात्सिओ दांती नावाच्या विद्वानाने त्याच्या एका खोलीत फरशीवर उत्तर-दक्षिण अशी सरळ रेघ आखून घेतली. भिंतीत एक बारीक भोक ठेवलेले. भर दुपारी त्या भोकातून सूर्याचा कवडसा आत येतो आणि फरशीवर पडतो. उन्हाळ्यात सूर्य उंच असतो, तेव्हा कवडसा भिंतीजवळ पडतो; हिवाळ्यात तो दूर जातो. कवडसा रेघेवर नेमका कुठे पडला, यावरून वर्षातला कोणता दिवस आहे हे कळते. कागदावरचे कॅलेंडर खोटे बोलू शकते, फरशीवरचा उजेडाचा ठिपका बोलू शकत नाही. हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खिडकीवर पुठ्ठा लावा, त्याला बारीक भोक पाडा आणि दर रविवारी दुपारी ठरलेल्या वेळी कवडसा पडतो तिथे खडूने खूण करा. दिवाळीपासून होळीपर्यंत खुणा करत गेलात तर ठिपका आधी खिडकीपासून दूर आणि मग पुन्हा जवळ चालत येताना दिसेल.

चुकीवर उपाय सुचवला तो लुइजी लिलिओ या इटालियन वैद्याने. आयुष्यभराचा अभ्यास त्याने एका हस्तलिखितात उतरवला, पण तो स्वीकारला गेलेला पाहायला तो जगला नाही. १५७६ मध्ये तो वारला आणि त्याच्या भावाने ते हस्तलिखित पोपच्या दरबारी पोहोचवले. तिथे ख्रिस्तोफर क्लाव्हियस या गणितज्ञाने त्याची तपासणी केली, पुढे त्यावर जाडजूड ग्रंथ लिहून आक्षेप घेणाऱ्यांना उत्तरे दिली. चंद्रावरच्या एका मोठ्या विवराला आज या क्लाव्हियसचे नाव आहे. लिलिओचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, आणि मला वाटते, ते मुलांना ठाऊक असलेच पाहिजे. जगातली बहुतेक माणसे आज रोज सकाळी जी तारीख वहीवर लिहितात, ती त्याच्या डोक्यातून निघालेली आहे.

उपायाचे दोन भाग होते. पहिला, साठलेले दहा दिवस एकदम गाळायचे. दुसरा, पुन्हा असे होऊ नये म्हणून लीप वर्षांची संख्या थोडी कमी करायची. चारने भाग जाणारे वर्ष लीप, हे खरे. पण शतकाचे शेवटचे वर्ष, म्हणजे १७००, १८००, १९०० अशी वर्षे लीप धरायची नाहीत. आणि त्यातही ४०० ने भाग जात असेल, तर मात्र धरायची. म्हणून १६०० आणि २००० ही लीप वर्षे होती. चारशे वर्षांत सीझरच्या कॅलेंडरमध्ये शंभर लीप वर्षे येत, नव्यात सत्त्याण्णव येतात. एवढ्या साध्या बदलाने चूक वर्षाला अकरा मिनिटांवरून सुमारे सव्वीस सेकंदांवर आली. दुर्बीण नव्हती, लंबकाचे घड्याळ नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

ऑक्टोबरच निवडला, कारण त्या दिवसांत चर्चचे महत्त्वाचे सण कमी होते. २४ फेब्रुवारी १५८२ रोजी पोपनी हुकूम काढला. कर्ज फेडायची मुदत मधल्या दिवसांत संपत असेल तर दहा दिवस वाढवून द्यावेत, अशी सोयही त्यात केली होती. इटलीतली राज्ये, स्पेन, पोर्तुगाल आणि पोलंड यांनी तो लगेच पाळला. फ्रान्सने डिसेंबरात पाळला.

आणि बाकीच्यांनी? त्यांच्यातल्या पुष्कळांनी साफ नकार दिला. तेव्हा युरोपात ख्रिस्ती लोकांमध्येच दोन तट पडले होते. पोपना न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट देशांना वाटले, आज तारीख बदलायला सांगतात, उद्या धर्म बदलायला सांगतील. गणित बरोबर आहे हे त्यांच्या विद्वानांनाही कळत होते, तरी राजांनी ऐकले नाही. त्यामुळे दीडशे वर्षांहून जास्त काळ युरोपात दोन तारखा एकाच वेळी चालत राहिल्या. सकाळी एका गावातून निघून संध्याकाळी शेजारच्या राज्यात पोहोचलात की तारीख दहा दिवसांनी बदलायची.

याच काळातला एक प्रश्न भल्याभल्यांना चकवतो. इंग्लंडचा नाटककार शेक्सपिअर आणि स्पेनचा कादंबरीकार सर्व्हांतेस या दोघांच्या नावापुढे मृत्यूची तारीख एकच दिलेली असते, २३ एप्रिल १६१६. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन म्हणून पाळतात, त्यामागे ही तारीख आहे. दोघे एकाच दिवशी गेले का? नाही. स्पेनमध्ये नवे कॅलेंडर होते आणि इंग्लंडमध्ये जुने. शेक्सपिअर गेला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे उजाडला होता. सर्व्हांतेसला जाऊन किमान दहा दिवस उलटले होते.

हा गोंधळ आपल्या कोकणपट्टीवरही येऊन पोहोचला होता. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, ती तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. त्या सोहळ्याला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. मुंबई तेव्हा कंपनीकडे होती आणि इंग्रज जुनेच कॅलेंडर वापरत. त्यांच्या हिशेबाने तो दिवस ६ जून १६७४ होता. तीच तारीख आज आपल्या पुस्तकांत आहे आणि रायगडावर दरवर्षी त्या दिवशी उत्सव होतो. पण गोव्यात पोर्तुगीज होते आणि पोर्तुगालने तर १५८२ मध्येच नवे कॅलेंडर घेतले होते. त्यांच्या मोजणीने राज्याभिषेकाचा दिवस येतो १६ जून. रायगड एकच, सोहळा एकच, मुंबईत एक तारीख आणि गोव्यात दुसरी. तिथीत मात्र वादाला जागा नाही. त्रयोदशीला चंद्र पौर्णिमेच्या जवळ असतो, आणि त्या रात्रीचा चंद्र कोणत्या कलेचा होता हे आजही गणिताने काढता येते. म्हणूनच जुन्या मराठी कागदपत्रांतल्या तिथी इतिहासकारांना फार मोलाच्या वाटतात.

स्वीडनची कथा तर याहून विचित्र. त्यांनी ठरवले, एकदम दहा-अकरा दिवस गाळण्याऐवजी १७०० पासून चाळीस वर्षांतले लीप दिवस गाळत जायचे, म्हणजे कोणाला धक्का बसणार नाही. १७०० चा लीप दिवस त्यांनी गाळला. मग मोठे युद्ध पेटले आणि १७०४ व १७०८ मध्ये गाळायचे राहून गेले. आता स्वीडनची तारीख ना जुन्याशी जुळे, ना नव्याशी. शेवटी बारावा चार्ल्स राजा म्हणाला, त्यापेक्षा जुनेच बरे. जुन्याकडे परतण्यासाठी गाळलेला एक दिवस परत घालणे आले. १७१२ हे लीप वर्ष होतेच, त्यात आणखी एक दिवस घातला. म्हणून १७१२ मध्ये स्वीडनमध्ये ३० फेब्रुवारी हा दिवस खरोखर उगवला. त्या दिवशी जन्मलेल्या बाळाला पुढे कधीच वाढदिवस मिळाला नसेल.

इंग्रजांनी १७५२ मध्ये हार मानली. तोवर १७०० या वर्षामुळे फरक अकरा दिवसांचा झाला होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरचे पान डोळ्यांसमोर आणा. पहिल्या ओळीत मंगळवारी १, बुधवारी २, आणि लगेच गुरुवारी १४, शुक्रवारी १५, शनिवारी १६. मग १७ तारखेपासून ३० पर्यंतच्या दोनच ओळी. संपला महिना. त्याआधीचे १७५१ हे वर्ष तर इंग्लंडमध्ये केवळ २८२ दिवसांचे होते, कारण तिथे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. ते १ जानेवारीला आणायचे ठरले आणि त्या वर्षाच्या शेवटी येणारे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग पुढच्या वर्षात गेले. "आमचे अकरा दिवस परत द्या" असे ओरडत लोकांनी लंडनमध्ये दंगे केले, असे पुष्कळ पुस्तकांत वाचायला मिळते. इतिहासकारांना अशा दंग्यांचा पुरावा सापडलेला नाही. विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या निवडणुकीवरच्या एका चित्रात तशी घोषणा लिहिलेला फलक आहे, तिथून ही समजूत पसरली.

हा कायदा इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींनाही लागू झाला. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन तेव्हा वीस वर्षांचे होते. जन्माच्या वेळी जुन्या हिशेबाने तारीख होती ११ फेब्रुवारी १७३१. नव्या हिशेबाने ती झाली २२ फेब्रुवारी १७३२. दिवसही बदलला आणि सालही बदलले.

मग हळूहळू एकेक देश येत गेला. जपानने १८७३ च्या १ जानेवारीला चांद्र महिने सोडून नवे कॅलेंडर घेतले. जुन्या हिशेबाने त्या वर्षी त्यांच्याकडे अधिक महिना येणार होता, आणि तेराव्या महिन्याचे पगार वाचवणे हे या घाईमागचे एक कारण होते. रशियाने क्रांतीनंतर १९१८ मध्ये बदल केला. तिथे ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी आला. ज्या क्रांतीने हे घडवले, तिला ऑक्टोबर क्रांती म्हणतात. तिचा वाढदिवस मात्र ७ नोव्हेंबरला साजरा होई. का, ते आता तुम्हाला सांगायला नको. युरोपात सगळ्यात शेवटी ग्रीस आला, १९२३ मध्ये. आणि इथिओपिया हा देश अजूनही स्वतःचे तेरा महिन्यांचे कॅलेंडर वापरतो. बारा महिने तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. त्यांची वर्षांची मोजणीही वेगळी आहे. २००० साल सुरू झाल्याचा उत्सव त्यांनी आपल्या १२ सप्टेंबर २००७ या दिवशी केला.

स्वतंत्र भारतातही निरनिराळ्या प्रांतांत पंचांगे निरनिराळी होती. ती एका सूत्रात आणण्यासाठी १९५२ मध्ये मेघनाद साहा या मोठ्या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने शालिवाहन शकावर आधारलेले राष्ट्रीय कॅलेंडर तयार केले आणि ते २२ मार्च १९५७ पासून लागू झाले. तो दिवस म्हणजे १ चैत्र १८७९. या कॅलेंडरचे नवे वर्ष २२ मार्चला सुरू होते आणि लीप वर्षी २१ मार्चला. म्हणजे ते वसंतातल्या समान दिवस-रात्रीला धरून आहे, ज्यासाठी रोममध्ये एवढी खटपट झाली होती.

लीप दिवसावर जन्मलेल्यांचे हाल सगळ्यांनाच माहीत आहेत. वाढदिवस चार वर्षांनी एकदा. पण मोरारजी देसाई यांचे उदाहरण पाहा. ते आपल्या जुन्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि पुढे देशाचे पंतप्रधान झाले. जन्म २९ फेब्रुवारी १८९६. चार वर्षांनी १९०० साल आले, पण लिलिओच्या नियमाने ते लीप वर्ष नव्हते. छोट्या मोरारजींना पहिली २९ फेब्रुवारी पाहायला १९०४ पर्यंत, म्हणजे तब्बल आठ वर्षे थांबावे लागले. १९९५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे वय ९९ वर्षांचे होते आणि जन्मानंतर २९ फेब्रुवारी ही तारीख त्यांच्या आयुष्यात फक्त तेवीस वेळा आली होती.

१९०० नंतर असे साल आलेले नाही, कारण २००० ला ४०० ने भाग गेला. पुढचे असे साल २१००. आज जी मुले तिसरी-चौथीत आहेत, त्यांच्यातल्या कित्येकांना ते पाहायला मिळेल. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला रविवार असेल आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी थेट १ मार्च उजाडेल. त्याच वेळी जुन्या आणि नव्या कॅलेंडरमधला फरक तेरा दिवसांवरून चौदावर जाईल. रशियातले चर्च अजून जुनेच कॅलेंडर पाळते, म्हणून तिथला नाताळ आज ७ जानेवारीला येतो. त्या चर्चने तोवर कॅलेंडर बदलले नाही, तर २१०१ मध्ये तो ८ जानेवारीला येईल.